सुईच्या गावातला गळ

जुन्या मासेमारी साहित्याचे शौकीन पितळी रिळांवर आणि चिरलेल्या बांबूच्या काठ्यांवर जीव टाकतात. गळ मात्र डबीच्या तळाशी गंजत पडतो. मला हा अन्याय वाटतो. एवढ्या सगळ्या सरंजामात माशाशी खरी गाठ पडते ती गळाचीच.

युरोपातला पोलादी गळ हे सुईचंच भावंड. 1496 साली इंग्लंडमध्ये छापलेल्या, डेम ज्युलियाना बर्नर्स यांच्या नावावर मोडणाऱ्या पुस्तिकेत त्याची घरगुती कृती आहे. सुई लालभडक तापवून मऊ करायची, चाकूने उलटा काटा उचलायचा, टोक घासायचं, वाकवायची आणि शेवटी पुन्हा तापवून पाणी द्यायचं. पाणी कमी पडलं तर गळ सरळ होतो, जास्त झालं तर कडकन मोडतो. तार, पाणी, टोक ही सगळी सुईवाल्यांचीच विद्या. त्यामुळे धंदाही त्यांच्याकडेच गेला. सतराव्या शतकात लंडनमध्ये गळ करणाऱ्या चार्ल्स कर्बीचं नाव एका बाजूला किंचित कलणाऱ्या बाकाला आजही आहे.

पुढे हे काम एकवटलं ते वुस्टरशर परगण्यातल्या रेडिच गावात. एकोणिसाव्या शतकात जगातल्या सुयांचा मोठा हिस्सा इथून जाई. त्याची किंमत कोण मोजत होतं? कोरड्या सहाणेवर सुयांना टोक काढणाऱ्यांच्या छातीत दगड-पोलादाची धूळ बसे आणि ते तरुणपणीच जात. धूळ अडवायची साधनं आली, तर कामगारांनीच ती नाकारली. धोका गेला की धोक्याची वाढीव मजुरीही जाईल, ही भीती! गळाचं टोक मात्र कानशीने काढलं जाई. आधी तारेचे तुकडे, मग हाताने चाकू चालवून काटा, मग टोक, मग साच्याभोवती बाक. काट्याचा घाव जरा खोल गेला की मासा ओढताना गळ नेमका तिथेच तुटे. ऑलकॉक, मिलवर्ड या कंपन्या रेडिचच्याच. लहान गळाला मोठा नंबर देणारी उलटी मोजणीही रेडिचच्याच नावाने ओळखली जाते.

हाताच्या या कसबाला धक्का दिला नॉर्वेने. योविक इथल्या मुस्ताद कंपनीत 1877 मध्ये मॅथियास टॉप यांचं यंत्र सुरू झालं आणि तारेपासून आपोआप गळ पडू लागले. रेडिचचा दबदबा ओसरत गेला, मुस्ताद अजून जोरात आहे.

जुना गळ हाती आला तर आधी त्याची दांडी पाहा. टोकाला नेढं नसेल, नुसती चपटी किंवा निमुळती असेल, तर दोर ओवायची सोयच नव्हती. घोड्याचा केस किंवा रेशीमकिड्याच्या ग्रंथीतून ओढलेली तात दांडीला रेशमाने गुंडाळून बांधत. ट्राउटसाठी वापरल्या जाणाऱ्या बारीक गळांना नेढं रुळलं ते 1880च्या आसपास, हॉल आणि मॅरियट या दोन हौशी मासेमारांच्या खटपटीने. मात्र नेढं नाही म्हणून गळ जुनाच, असं समजू नका; चपट्या दांडीचे गळ आजही निघतात. तातीसकट जुनं पाकीट सापडलं, तर ती कोरडी असताना सरळ करू नका, लगेच तुटेल. आणि गळ चकचकीत करायला घासू नका. वरचा मूळ लेप गेला की संग्राहकाच्या लेखी त्याची किंमतही गेली.