कागदात गुंडाळलेल्या बाटल्या

ज्याने त्याने आपापली बाटली आणायची, जेवण यजमानाचे, आणि कोणती बाटली कोणाची हे शेवटपर्यंत कोणी कोणाला सांगायचे नाही. गेल्या फेब्रुवारीत नाशिकला गंगापूर रोडवरच्या एका बंगल्याच्या गच्चीवर आम्ही आठ जुने कॉलेजमित्र जमलो ते या अटीवर. एक वकील, एक बँकेतून निवृत्त झालेला, एक डॉक्टरीणबाई, मराठीच्या प्राध्यापिका, दोन इंजिनियर, पुण्याहून गेलेला मी आणि दिंडोरी तालुक्यातला एक द्राक्षबागाईतदार. या शेवटच्याला आम्ही कॉलेजपासून दिंडोरीकर म्हणतो, तेच इथेही चालू ठेवतो.

रविवारच्या पुरवणीत वाइनचे काय काम, असे कोणी म्हणेल. म्हणू देत. ज्या घरांत दारूचा थेंब चालत नसे त्यांतल्या कितीतरी घरांतल्या औषधाच्या कपाटात ब्रँडीची छोटी बाटली असे आणि ती कोणी पाहिलेली नसे, हे आपल्या पिढीला नव्याने सांगायला नको. शिवाय परवाने सगळ्यांकडे होते. वकीलसाहेबांनी ते आधी तपासले आणि मगच जिना चढू दिला.

हिशेब सोपा आहे, पण तो न केल्यामुळे अशा मैफलींचा विचका होतो. बाटली साडेसातशे मिलिलिटरची. आठ माणसे आणि आठ बाटल्या म्हणजे सगळे संपवायचे ठरवले तर प्रत्येकाच्या पोटात अख्खी बाटली. तिसऱ्या-चौथ्या वाइननंतर जीभ आणि बुद्धी दोन्ही रजेवर जातात. म्हणून प्रत्येकाला एका वाइनची चाळीस मिलिलिटरच घ्यायची, म्हणजे आठ मिळून दोन पेल्यांएवढी झाली. धंदेवाईक परीक्षक तर घोटभर तोंडात फिरवून थुंकूनच टाकतात. त्यासाठी यजमानांच्या आईंनी माळ्यावरून पितळी तस्त काढून दिले. एके काळी त्यात विड्याचा रंग पडत असे. ‘‘घासून ठेवलंय, परत घासून द्या,’’ एवढेच त्या म्हणाल्या आणि खाली मालिका बघायला गेल्या.

बाटल्या यजमानांच्या मुलाने स्वयंपाकघरात उघडल्या. बाटलीच्या खांद्याच्या घडणीवरूनही जाणकार ओळखतो, म्हणून त्याने त्या वर्तमानपत्रात जाड गुंडाळून सुतळीने बांधल्या आणि वर एक ते आठ आकडे घातले. पांढऱ्या आधी, तांबड्या नंतर. प्रत्येकाला आठ चिठ्ठ्या मिळाल्या. दहापैकी गुण द्यायचे आणि चवीबद्दल एखादा शब्द लिहायचा. प्राध्यापिकाबाईंनी त्यात एक पोटनियम घातला, आणि माझ्या मते ती संध्याकाळ त्यानेच वाचली. जे फळ आपण कधी खाल्लेले नाही त्याचे नाव लिहायचे नाही.

वाइनवरची पुस्तके वाचून आपण गारद होतो ते इथेच. ब्लॅककरंट, गूजबेरी, ओकच्या जंगलातला पाचोळा. यातले आमच्यापैकी कोणीही काही हुंगलेले नव्हते. नियम लागू झाला आणि लेखण्या मोकळ्या झाल्या. पहिल्या पांढरीला, ती सॉव्हिन्यॉ ब्लाँ निघाली, तिघांनी न ठरवता ‘पेरू’ लिहिले आणि दिंडोरीकराने ‘ढोबळी मिरची’. दोन्ही बरोबर आहे. ढोबळी मिरचीला तिचा हिरवा वास ज्या द्रव्यामुळे येतो ते या द्राक्षातही असते. शिराझ नावाच्या तांबड्या द्राक्षाच्या वाइनला मिऱ्याचा वास येतो, हीही कवीकल्पना नव्हे. मिऱ्यातलेच सुगंधी द्रव्य त्या द्राक्षात असल्याचे ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी 2008 साली दाखवून दिले. तांबड्या वाइनने तोंड आवळते त्याला आपल्याकडे ‘तुरट’ हा नेमका शब्द आहे. जांभूळ, सुपारी, हिरडा यांनी आपली जीभ लहानपणीच तयार केलेली असते. सहा रसांत कषायाला स्वतंत्र पाट मांडणारी आपली परंपरा या बाबतीत फ्रेंचांच्या मागे नाही, उगाच न्यूनगंड नको.

डोळे बांधल्यावर, म्हणजे लेबल झाकल्यावर काय होते याचे दाखले मात्र फ्रान्समधलेच घ्यावे लागतात. 24 मे 1976 रोजी पॅरिसमध्ये स्टीव्हन स्परिअर या इंग्रज वाइनविक्रेत्याने फ्रेंच आणि कॅलिफोर्नियाच्या वाइन झाकून फ्रेंच परीक्षकांपुढे ठेवल्या. पांढऱ्यांत आणि तांबड्यांत, दोन्हींत पहिला नंबर कॅलिफोर्नियाचा आला. एक परीक्षक तर कॅलिफोर्नियाची वाइन चाखून ‘आता कुठे फ्रान्समध्ये आलो’ अशा अर्थाचे उद्गार काढून बसला होता, असे सांगतात. पुढे बोर्डोतल्या संशोधकांनी त्याहून खट्याळपणा केला. वाइनशास्त्राच्या चोपन्न विद्यार्थ्यांना त्यांनी पांढरी वाइन तांबडा, वास नसलेला रंग घालून दिली. 2001 साली त्यांनी निष्कर्ष छापले, तर विद्यार्थ्यांनी तिचे वर्णन तांबड्या वाइनच्या शब्दांत केलेले! नाकावर डोळ्यांचा अंमल चालतो तो असा.

आमच्या गच्चीवर पॅरिस घडले ते सहाव्या बाटलीला. ती चाखताच डॉक्टरीणबाईंनी नाक मुरडले. माझ्या चिठ्ठीवर ‘पावसाळ्यातला पुठ्ठा’, दुसऱ्या कोणाच्या ‘ओले पोतेरे’. इंजिनियरांपैकी एक जण फारच गप्प होता. कागद फाडल्यावर कारण कळले. त्याच्या भाच्याने बोर्डोहून खास आणलेली, किंमत विचारू नये अशी बाटली. वाइन वाईट नव्हती, बूच लागले होते. बुचात कधीकधी एक द्रव्य तयार होते, लिटरमागे ग्रॅमचे दोन-चार अब्जांश एवढे जरी ते उतरले तरी वाइनचा सुगंध मारून टाकते. आपण फिरकीच्या झाकणाची बाटली पाहिली की स्वस्तातली म्हणून नाक उडवतो, पण त्या झाकणाच्या वाइनला हे दुखणे सहसा होत नाही.

जेवणाचे थोडक्यात सांगतो. कोथिंबीरवडीबरोबर ती पेरूची पांढरी छान गेली. मटणाच्या रश्श्यापुढे मात्र चांगल्या चांगल्या तांबड्यांनी शरणागती पत्करली. तिखट आणि तुरट एकत्र आले की जाळ दुप्पट होतो. त्या रश्श्याला पुरून उरली ती किंचित गोडसर, थंड शेनिन ब्लाँ. चौथ्या बाटलीतली शिराझ भरल्या वांग्यांशी, गोड्या मसाल्याशी अशी जुळली की वकीलसाहेब दुसऱ्यांदा भाकरी घेते झाले. सगळ्यांत जास्त गुण तिलाच, आणि ती निघाली नाशिक जिल्ह्यातली, हजाराच्या आतली.

मग सातवी बाटली.

पेल्यातच ती विटकरी दिसत होती. चिठ्ठ्या डॉक्टरीणबाईंनी मोठ्याने वाचायला घेतल्या. ‘शिळी चिंच.’ ‘गंजलेला खिळा.’ ‘शिरका.’ ‘उतरलेले ताक बरे.’ माझ्या चिठ्ठीवर मी ‘नाल्यात’ असे लिहिले होते. त्या वेळी ते मला फार विनोदी वाटले होते, आणि वाचल्यावर हशाही झाला. दिंडोरीकराच्या चिठ्ठीवर दहापैकी दोन गुण आणि ‘गेली’ एवढाच शब्द होता.

मुलाने सुतळी सोडली. आत लेबल नसलेली बाटली होती, नुसत्या पांढऱ्या पट्टीवर बॉलपेनने ‘2008’ लिहिलेले.

‘‘आमच्या बागेची आहे,’’ दिंडोरीकर म्हणाला. ‘‘शेवटची होती.’’

गच्चीवर कोणाला काही बोलता येईना. तोच पुढे म्हणाला, ‘‘बरोबर लिहिलंत की. मीपण दोनच दिलेत. मला ओळखूच आली नाही.’’

त्याची हकीकत आम्हांला तुकड्यातुकड्यांनी ठाऊक होती, सलग त्या रात्री ऐकली. 2001 साली राज्य सरकारने द्राक्षप्रक्रिया उद्योगाचे धोरण आणले. करांत सवलती दिल्या, विंचूर आणि पलूसला वाइन पार्क काढले. त्याच्या आगेमागे नाशिकमध्ये नव्या वाइनरी उभ्या राहत होत्या. खायच्या द्राक्षाला युरोपात पाठवायचे तर औषधांचे अंश, मण्यांचा आकार, साखर सगळ्याची परीक्षा, आणि एक अवकाळी पाऊस आला की वर्षाचे मातेरे. त्यापेक्षा वाइनच्या द्राक्षाला ठरलेला भाव, लेखी करार. दिंडोरीकराने 2005 साली तीन एकर थॉम्सन काढून शिराझ लावली. घरातल्यांनी वेड्यात काढले. मणी वाटाण्याएवढा, साल जाड, आत बिया. रस पिळला तर जवळपास पांढरा. वाइनला रंग आणि तुरटपणा येतो तो सालीबियांतून, म्हणून तर मणी बारीकच हवा. ‘‘पंचवीस वर्षं मणी फुगवायला शिकलो आणि आता तो फुगू द्यायचा नाही हे शिकत होतो,’’ असे तो म्हणाला.

2008 चे पीक उत्तम आले. वाइनरीने त्याच्या बागेच्या पिंपातली वाइन वेगळी भरून बारा बाटल्यांची एक पेटी त्याला भेट दिली. ही त्यातली.

त्याच वर्षी जगभर मंदी आली, नोव्हेंबरात मुंबईवर हल्ला झाला. हॉटेले ओस पडली आणि वाइन खपत होती ती मुख्यतः तिथेच. टाक्या भरलेल्या राहिल्या. 2010 च्या हंगामात त्याच्या वाइनरीने माल उचलला नाही, आधीच्या वर्षाचेही पैसे थकले. खायचे द्राक्ष असते तर मार्केटला नेता आले असते, निदान बेदाणा करता आला असता. या बियांच्या बारीक द्राक्षाला वाइनरीवाचून गिऱ्हाईकच नाही. घड वेलीवर सुकले, शेवटी मेंढ्या सोडल्या. एप्रिलात खरड छाटणीला कात्री लागते, त्या वर्षी जेसीबी लागला. असे वेल उपटणारा तो एकटा नव्हता.

‘‘पण चांगली होती रे तेव्हा,’’ बँकवाला म्हणाला. त्याने 2009 साली ती प्यायली होती.

‘‘तेव्हा होती. ठेवायची वाइन नव्हतीच ती, दोन-तीन वर्षांत प्यायची. मीच ठेवली. माळ्यावर, पत्र्याखाली.’’

वाइन जितकी जुनी तितकी चांगली, हा समज आपल्यात पक्का आहे. बहुतेक वाइन तरुणपणीच प्यायच्या असतात. ज्या मुरतात त्यांनाही अंधार लागतो आणि वर्षभर सारखा गारवा. फ्रेंच पुस्तकांत तांबडी ‘खोलीच्या तापमानाला’ द्यावी म्हणतात ते तिकडच्या दगडी घरांतले सोळा-अठरा अंश. नाशिकला ते फेब्रुवारीच्या रात्री आपोआप जमते. एप्रिलात तांबडीही अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवावी, त्यात काही कमीपणा नाही. आणि पत्र्याखालच्या माळ्यावर पंधराहून जास्त उन्हाळे कोणतीच बाटली काढू शकत नाही. हे सगळे मला त्या क्षणी ठाऊक होते आणि त्यातले काहीही बोलण्यासारखे नव्हते. मी माझी चिठ्ठी उचलून खिशात घातली. त्याने ते पाहिले. ‘‘राहू दे की,’’ म्हणाला.

आठवी बाटली कशी होती ते मला आठवत नाही.

साडेअकराला पांगापांग झाली. दिंडोरीकराला पहाटे चारला बागेत हवे होते. थॉम्सनची काढणी चालू होती, माल भरायला गाडी येणार होती. तो चाखून तस्तात थुंकतच होता, तरी गाडी वहिनी चालवणार होत्या. त्या रात्रभर कोकम सरबतावर होत्या. ‘‘अहो, चला आता,’’ त्यांनी खालून दोनदा हाक मारली. हा मात्र गच्चीच्या दिव्याखाली चौथी बाटली हातात धरून उभा होता, ती पहिली आलेली. चष्मा कपाळावर चढवून मागचे लेबल वाचत होता.

‘‘काय बघतोस?’’

‘‘द्राक्षं कुठली ते.’’

वाइनरीचे नाव होते, अल्कोहोलचे प्रमाण होते, मद्यपान आरोग्यास हानिकारक असल्याचा इशारा होता. गावाचे नाव नव्हते. त्याने बाटली एकदा पूर्ण फिरवली, खाली ठेवली आणि जिना उतरला.