शाईच्या पेनाविषयीचे समज-गैरसमज

घरातले एखादे वडीलधारे माणूस जाते, त्यांचे कपाट आवरायला घेतले जाते आणि जुन्या चष्म्याच्या घरात किंवा पासबुकांच्या गठ्ठ्याखाली एक जाडसर, काळे पेन सापडते. टोपण मोठ्या प्रयासाने उघडते. आत शाई वाळून दगडासारखी झालेली असते. मग घरातला प्रत्येक जण सल्ला देऊ लागतो. कोणी म्हणते, उकळत्या पाण्यात टाका. कोणी स्पिरिट सुचवते. कोणी दाढीचे पाते घेऊन निबेची फट मोकळी करू पाहते. पन्नास-साठ वर्षे टिकलेली वस्तू अर्ध्या तासात निकामी होते आणि दोष मात्र जातो पेनाच्या वयाला. शाईच्या पेनाकडे तरुण मंडळी पुन्हा कौतुकाने वळत असताना या ऐकीव शास्त्राची थोडी तपासणी करणे आवश्यक आहे.

मुळात शाईच्या पेनातून शाई 'गळते' किंवा 'पडते', हीच पहिली चुकीची समजूत. तसे असते तर टोपण काढताच कागदावर तळे साचले असते. निबेच्या मधोमध एक बारीक चीर असते आणि निबेच्या खाली एबोनाइटचा किंवा प्लास्टिकचा एक पन्हळीदार तुकडा बसवलेला असतो. बोलीत त्याला पेनाची जीभ म्हणतात. केशाकर्षणाने, म्हणजे दिव्यातले तेल ज्या तत्त्वाने वातीत चढते त्याच तत्त्वाने, शाई या जिभेवरील खाचेतून निबेच्या चिरेपर्यंत येते आणि कागद ती शोषून घेतो. मात्र जितकी शाई बाहेर जाईल तितकी हवा आत शिरायला हवी. शाई बाहेर आणि हवा आत, या दोन उलट प्रवाहांचा मेळ घालणे हेच या यंत्राचे खरे कौशल्य आहे.

हा मेळ व्यवहारात चांगला जमवणाऱ्या पेनाचे अमेरिकी पेटंट लुई वॉटरमन यांनी १८८४ साली घेतले. ते विमा एजंट होते, ऐन सहीच्या वेळी पेनाने करारपत्रावर शाई ओकली, दुसरा करार आणेपर्यंत गिऱ्हाईक हातचे गेले आणि त्या संतापातून नवे पेन जन्मले, अशी गोष्ट हमखास सांगितली जाते. गोष्ट रंजक आहे, पण तिला समकालीन पुरावा नाही. शिवाय शाईचा साठा पोटात बाळगणाऱ्या पेनाचे पेटंट पेट्राख पोएनारू या रुमानियन गृहस्थांनी फ्रान्समध्ये १८२७ सालीच घेतले होते.

हवेचा हा हिशेब ध्यानात घेतला की पेन झटकण्याची सवय किती निरर्थक आहे ते कळते. पेन चालत नसेल तर बहुधा निबेच्या टोकाशी शाई वाळलेली असते, हवेची वाट बुजलेली असते किंवा कागदावर हाताचा तेलकटपणा उतरलेला असतो. झटकल्याने शेजाऱ्याच्या सदऱ्यावर नक्षी उमटते, कारण मात्र जागच्या जागी राहते. ओल्या फडक्याचे टोक निबेला लावले तर वाळलेली शाई सुटते. नवे पेन पहिल्या दिवसापासून अडखळत असेल तर कारखान्यातील तेलाचा अंश आत राहिलेला असू शकतो. भांडी घासण्याच्या द्रवसाबणाचा एखादा थेंब घातलेल्या पाण्याने ते धुवावे आणि मग साध्या पाण्याने खळबळून घ्यावे.

प्रवासात पेन गळते म्हणून ते अर्धे रिकामे करून न्यावे, हा सल्ला तर नेमका उलटा आहे. गळतीला कारणीभूत होते ती पेनातील हवा. प्रवासी विमानाच्या आत हवेचा दाब साधारण सहा ते आठ हजार फूट उंचीवर असतो तितका ठेवलेला असतो. आठ हजार फुटांवर हा दाब समुद्रसपाटीच्या जवळपास तीन चतुर्थांश भरतो, म्हणजे पेनात अडकलेली हवा सुमारे एक तृतीयांशाने प्रसरण पावते. दोन मिलिलिटर मावणारे पेन अर्धे रिकामे असेल तर त्यातली एक मिलिलिटर हवा फुगून सहा-सात थेंब शाई बाहेर ढकलू पाहते. तेच पेन काठोकाठ भरलेले असेल तर फुगायला हवाच नसते. म्हणून विमानात पेन एकतर पूर्ण भरलेले न्यावे किंवा धुऊन पूर्ण रिकामे, आणि चढताना निब वर ठेवावी म्हणजे हवा शाईला न ढकलता निघून जाते. मुंबईहून महाबळेश्वरला जाणाऱ्यालाही हे लागू आहे. साडेचार हजार फुटांच्या चढणीत आतली हवा सुमारे एक षष्ठांशाने वाढते. ड्रॉपरने शाई भरायची पेने शाई संपत आल्यावर हातात ओकतात त्याचे कारणही हेच. फक्त तिथे दाबाऐवजी तळहाताची ऊब काम करते. पेन फुटले, असे समजून ते टाकून देऊ नये. शाई एक चतुर्थांश उरली की पुन्हा भरावी, एवढेच.

आता जुन्या पेनाची सफाई. येथे सर्वाधिक नुकसान होते, म्हणून थोडे तपशिलात जायला हवे. जुनी पेने मुख्यतः एबोनाइटची किंवा सेल्युलॉइडची असतात. एबोनाइट म्हणजे भरपूर गंधक घालून कडक केलेले रबर. बोटाने जोरात घासले तर गंधकाचा उग्र वास येतो. सेल्युलॉइडमध्ये कापूर असतो आणि घासल्यावर त्याचाच वास येतो. हा वास घेणे ही सफाईतील पहिली पायरी समजावी. गरम पाण्यात एबोनाइटची काळी झळाळी जाते आणि पेन मातकट तपकिरी दिसू लागते. तो रंग धुऊन निघत नाही. सेल्युलॉइड उष्णतेने वाकते आणि ते विलक्षण ज्वालाग्राही असल्याने काडीपेटी, मेणबत्ती, लायटर यांच्या जवळपासही नेऊ नये. स्पिरिट, थिनर, नेलपॉलिश काढण्याचा द्रव यांनी सेल्युलॉइड विरघळते आणि आजच्या ॲक्रिलिकच्या पेनांनाही तडे जातात. शाई मुळात पाण्यात विरघळणारी आहे, मग स्पिरिटचा अट्टहास कशासाठी, हा प्रश्न कोणी विचारत नाही.

साधे, थंड किंवा जेमतेम कोमट पाणी पुरते. लागतो तो धीर. पेनाचा फक्त निबेकडचा भाग वाटीत बुडेल इतके पाणी घ्यावे, ते रंगले की बदलावे. दोन-तीन दिवस लागले तरी बिघडत नाही. अख्खे पेन बुडवू नये, कारण जुन्या पेनांच्या आत पोलादी पट्टी किंवा स्प्रिंग असते आणि ती गंजते. बाजूला खिटी असलेल्या पेनात शाई साठवणारी रबरी पिशवी असते. इतक्या वर्षांत ती ठिसूळ झालेली असणारच, तेव्हा खिटी जोर लावून ओढण्याचा मोह टाळावा. पिशवी बदलता येते, तुटलेल्या खिटीची जोडी मिळणे कठीण.

निबेच्या चिरेतून पाते फिरवणे किंवा निब फरशीवर, पाटीवर, पॉलिश कागदावर घासणे हा शाळकरी वयातला उद्योग अनेकांना आठवत असेल. घासलेली निब चार दिवस गुळगुळीत चालते, यात खोटे काही नाही. पण निबेच्या टोकाला अतिशय कठीण मिश्रधातूचा एक सूक्ष्म कण जोडलेला असतो आणि निबेचे सगळे आयुष्य त्या कणात असते. घासून तो झिजवला की उरलेली धातू कागदावर काही महिन्यांत बोथट होते. निब खरखरीत चालण्याचे नेहमीचे कारण चिरेच्या दोन बाजू वर-खाली झालेल्या असणे हे आहे. साध्या भिंगातून ते दिसते आणि नखाच्या हलक्या दाबाने अनेकदा सरळही होते.

या कणाला सर्रास 'इरिडियम' म्हटले जाते. आजच्या निबांत तो बहुधा ऑस्मियम, रुथेनियम, टंगस्टन अशा धातूंच्या मिश्रणाचा असतो; निबेवर इरिडियम कोरलेले असले तरी आत ते नावापुरतेही असेल असे नाही. सोन्याच्या निबेविषयीचा भ्रमही येथेच फिटतो. कागदाला स्पर्श करतो तो हा कण. सोने किंवा पोलाद कागदापर्यंत पोहोचतच नाही. सोने निवडले गेले ते वेगळ्याच कारणाने. पूर्वीच्या आम्लयुक्त शाईत साधे पोलाद गंजत असे, सोने गंजत नसे. गंजरोधक पोलाद आल्यावर ती निकड संपली. चौदा कॅरटच्या निबेत ५८.५ टक्के सोने असते आणि तिला किंचित लवचिकपणा असतो, हे खरे; पण चांगली घडवलेली पोलादी निब वाईट घडवलेल्या सोन्याच्या निबेपेक्षा केव्हाही सरस.

आपले पेन दुसऱ्याला देऊ नये, निब आपल्या हाताला वळण घेते, हा सल्ला मला पटतो. त्याचे कारण मात्र पटत नाही. तो कठीण कण हाताप्रमाणे झिजायला वर्षानुवर्षांचे रोजचे लेखन लागते. पाच मिनिटांच्या उसनवारीने काही बदलत नाही. खरा धोका असा की घेणाऱ्याला बॉलपेनची सवय असते. बॉलपेनची शाई दाट असते आणि गोळी फिरायला दाब लागतो. तोच दाब निबेवर पडला की तिची दोन पाती फाकतात, आणि एकदा फाकली की ती आपणहून मिटत नाहीत.

शाईबाबत आपल्याकडे एक जास्तीचा घोटाळा आहे, कारण आपल्याकडे शाईची परंपरा जुनी आहे. बोरूने पोथ्या लिहिल्या जात ती शाई काजळी आणि डिंकाची. ती शेकडो वर्षे टिकते म्हणून पेनात घालून पाहणारे हौशी आढळतात. काजळी पाण्यात विरघळत नाही आणि डिंक वाळला की जिभेच्या खाचा कायमच्या बुजतात. चित्रकलेच्या शाईत लाखेसारखे बंधक असते, तिचाही परिणाम तोच. या शाया टाकासाठी आहेत. टाक बुडवून लिहायचा आणि लगेच पुसायचा असतो. मायफळ आणि हिराकस यांच्यापासून होणारी शाई याहून वेगळी. ती कागदावर हवा लागून काळी पडते आणि पाण्याने जात नाही. पेनासाठी सौम्य केलेली अशी शाई आजही मिळते व वापरता येते, पण ती पेनात महिनोन्‌महिने ठेवू नये.

दांडेकर बंधूंनी १९३१ मध्ये मुंबईत कॅम्लिनचा पाया घातला तो 'हॉर्स' छापाच्या शाईच्या पुडी व गोळ्यांवर. तेव्हापासून 'पाणी घालून शाई करणे' आपल्या अंगवळणी पडले असावे. बाटलीतल्या तयार शाईत मात्र पाणी घालू नये. तिच्यात बुरशी रोखणारे द्रव्य मोजून घातलेले असते, ते पातळ होते आणि पावसाळ्यात बाटलीत जाळे धरते. पेनातली उरलेली शाई बाटलीत परत ओतणे याच कारणाने घातक. दोन कंपन्यांची शाई एकत्र करायचीच असेल तर आधी लहान काचेच्या बाटलीत करून दिवसभर ठेवावी. तळाशी गाळ दिसला तर तो पेनात बसला असता, हे ओळखावे.

धनादेशाचा विषय मात्र हसण्यावारी नेण्यासारखा नाही. 'शाईच्या पेनाने लिहिले म्हणजे पक्के' ही समजूत अनेक ज्येष्ठांच्या मनात घट्ट आहे. वास्तविक बाजारातली नेहमीची 'रॉयल ब्लू' शाई धुतली जावी अशीच बनवलेली असते. शाळकरी मुलांच्या कपड्यांसाठी ती सोय. शाई खोडण्याच्या पेनाने ती क्षणात अदृश्य होते आणि पाण्याच्या थेंबाने पसरते. साधी काळी शाईही पाण्याने जाते; रंग गडद असला म्हणजे शाई पक्की असे नाही. धनादेशावर काळ्या शाईला बंदी आल्याचा संदेश मधे बराच फिरला; तो खोटा असल्याचे पत्र सूचना कार्यालयाने जानेवारी २०२५ मध्ये स्पष्ट केले. रिझर्व्ह बँकेने शाईचा रंग ठरवून दिलेला नाही. तेव्हा रंगाची चिंता सोडून रक्कम आणि नाव लिहिण्यासाठी पाण्याने न जाणारी शाई वापरावी. ती कागदावर लिहून, वाळवून, ओल्या बोटाने घासून घरीच तपासता येते.

शाईच्या पेनाने अक्षर सुधारते का? आपोआप नाही. दाब द्यावा लागत नसल्याने हात कमी दुखतो आणि मूल सावकाश लिहिते, एवढा लाभ खरा. डावखुऱ्यांना मात्र हे पेन झेपत नाही, असे सांगून मुलांना उगाच परावृत्त केले जाते. ओळीच्या खाली हात ठेवून लिहिणाऱ्या डावखुऱ्याला काहीच अडचण येत नाही. मनगट वळवून वरून लिहिणाऱ्याची शाई फिसकटते, पण त्यावर बारीक निब, लवकर वाळणारी शाई आणि किंचित तिरकी ठेवलेली वही हा साधा उपाय आहे.