गालातली पिशवी

दिवाळीच्या सुमारास गडचांदूरहून जिवतीच्या डोंगराकडे निघालं, की गोंडांच्या गुड्यांमधून दंडारी नाचाचे ढोल ऐकू येऊ लागतात. त्या ढोलांच्या वर एक तीक्ष्ण, सनईच्या कुळातला सूर चढलेला असतो. ते पेपरे. बहुतेक वेळा प्रधान समाजाचा वादक ते वाजवत असतो. कान देऊन ऐकावं. मिनिट जातं, दुसरं जातं, सूर काही तुटत नाही. हा माणूस श्वास घेतो तरी केव्हा?

वाजवता वाजवताच घेतो, नाकाने. फुफ्फुसातली हवा सरत आली की तो गाल फुगवून तोंडात हवेचा साठा करतो. मग टाळूचा मागचा मऊ पडदा घशाकडची वाट बंद करतो. गालांचे स्नायू तो साठा वाद्यात ढकलत राहतात आणि तेवढ्या क्षणात नाकातून ताजी हवा आत जाते. घरी करून बघायचं असेल तर पेलाभर पाण्यात स्ट्रॉ घालून बुडबुडे काढा आणि ते न थांबवता नाकाने श्वास घ्या. पहिल्या दिवशी पाणी टेबलावर सांडेल, पण नेमकं काय साधायचं आहे ते कळेल.

हाच पेच युरोपातल्या लोकांनी वेगळ्या तऱ्हेने सोडवला. त्यांनी गालांचं काम कातडी पिशवीवर सोपवलं आणि बॅगपाइप झाला. आयरिश लोक आणखी पुढे गेले. त्यांच्या इलन पाइप्समध्ये तोंडाने फुंकायचंच नाही. वादक खुर्चीवर बसतो, एका कोपराखालच्या भात्याने पिशवी भरतो आणि दुसऱ्या कोपराने ती दाबतो. बोटं सुरावटीच्या नळीवर असतात, तीन नळ्या अखंड षड्जासारखा आधार धरतात आणि मांडीवर आडव्या ठेवलेल्या नळ्यांच्या चाव्या मनगटाने दाबून मधूनमधून साथीचे स्वर काढायचे. तोंड पूर्ण मोकळं. वाजवता वाजवता गप्पा मारल्या तरी चालतं!

आता महाराष्ट्राच्या दुसऱ्या टोकाला, पालघरच्या जव्हार-डहाणू भागात जाऊ. तिथे भाताचं पीक तयार होऊ लागलं की वारल्यांचा तारपा बाहेर निघतो. पोकळ वाळवलेला भोपळा, त्यात बसवलेल्या बांबूच्या दोन नळ्या, शेवटी ताडाच्या पानांचा कर्णा आणि हवा निसटू नये म्हणून सांध्यांवर मेण. वादक भोपळ्यात फुंकतो, हवा तिथे जमते आणि दोन्ही नळ्या एकदम बोलतात. वारली चित्रात नाचणाऱ्यांचं जे वेटोळं असतं, त्याच्या मधोमध हे वाद्य घेतलेला माणूस चित्रकार जिव्या सोमा मशे यांच्यामुळे जगभर पोचला. सूर बदलला की पावलं बदलतात.

मला खरी गंमत वाटते ती या नळ्यांच्या आत. तारप्याचा आवाज काढते ती जिभली. बांबूच्या बारीक नळीलाच तिरपी चीर देऊन सालपटाची एक पातळ जीभ मोकळी करायची. ती एका टोकाला जोडलेलीच राहते आणि हवा दाबली की थरथरते. आयरिश पाइप्सच्या त्या तीन आधारनळ्यांत जुन्या पद्धतीने काय बसवतात? नळीलाच चीर देऊन काढलेली जीभ. हजारो किलोमीटर दूर असलेल्या दोन मुलखांत तीच युक्ती! या जिभेच्या टोकावर मेणाचा ठिपका ठेवला की वजन वाढतं, कंप मंदावतो आणि सूर उतरतो. टोकाशी खरवडून हलकी केली तर तो चढतो. वाद्य लावायचं ते असं, चाकूने आणि मेणाने.

म्हणून वाद्य मरायला लागतं ते बहुधा इथूनच. नळ्या शंभर वर्षं टिकतात, जीभ टिकत नाही. हवा कोरडी झाली की ती रुसते, दमट झाली की फुगते. ती कापणारा हात गेला की उत्तम वाद्यही भिंतीवरची शोभा होऊन बसतं.

आयर्लंडमध्ये ही वेळ जवळजवळ आलीच होती. 1968 मध्ये ‘ना पिबरी इलन’ ही पाइपवादकांची संस्था स्थापन झाली, तेव्हा वादक शंभराच्या आत उरले होते. लिओ रॉसम हे त्यांतलं मोठं नाव. ते वादकही होते आणि वाद्य बनवणाऱ्यांच्या घराण्यातलेही. 1970 मध्ये ते गेले. संस्थेने मैफली भरवल्याच, पण त्याहून शहाणपणाचं आणि कमी दिमाखाचं एक काम केलं: जीभ कापायला शिकवण्याचे वर्ग घेतले, जुन्या वाद्यांची मापं टिपून ठेवली आणि पुढे वाद्यनिर्मितीचं प्रशिक्षणही उभं केलं. 2017 मध्ये युनेस्कोने या वादनपरंपरेला मानवतेच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं. आज वादक हजारोंनी आहेत, आयर्लंडबाहेरही. आणि जिभेसाठी लागणारा बोरू तर त्यांच्या थंड ओल्या देशात मिळतही नाही, तो स्पेनसारख्या उबदार मुलखातून आणावा लागतो.

आपल्याकडे 2026 मध्ये जव्हारजवळच्या वाळवंड्याचे तारपावादक भिकल्या लाडक्या धिंडा यांना पद्मश्री जाहीर झाली. आनंद आहेच. पण मानपत्र वादनाला मिळतं, भोपळ्याच्या वेलाला नाही. तारप्याचा भोपळा हव्या त्या आकाराचा वाढावा लागतो, पुरता वाळावा लागतो. ताड राहिला पाहिजे, मेण मिळालं पाहिजे. सगळं गावाच्या शिवारातलं, तेच शिवार बदललं की संपलं.

पेपऱ्याची गोष्ट याहून अवघड. 1940 च्या दशकात क्रिस्टोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ हे मानववंशशास्त्रज्ञ आदिलाबादच्या मारलवाईत राहून गोंडांचा अभ्यास करत होते. गडचांदूर ज्या राजुरा तालुक्यात होतं तोही तेव्हा निजामाच्या आदिलाबाद जिल्ह्यातच होता. तो चांदा, म्हणजे आजच्या चंद्रपूर, जिल्ह्यात आला 1959 मध्ये. प्रधान हे गोंडांचे परंपरागत भाट, यजमान गोंडांच्या घराण्याची कथा किंगरी या तंतुवाद्यावर गाणारे, हे हायमेनडॉर्फनी तपशिलाने लिहून ठेवलं. त्यांची छायाचित्रं आणि चित्रफिती लंडनच्या ‘सोआस’ संस्थेत जपलेल्या आहेत. वादक कसा दिसत होता ते तिथे दिसेल. वाद्याची जीभ कशी कापायची ते फोटोत मावत नाही. ते कळायला वादकाशेजारी बसावं लागतं, पाच-पन्नास जिभा वाया घालवाव्या लागतात आणि यजमानाने बोलावणंही चालू ठेवावं लागतं.

चंद्रपूरला सोय नाही असंही नाही. मूल रस्त्यावर चिचपल्लीला बांबू संशोधन व प्रशिक्षण केंद्र आहे, तिथे बांबूच्या वस्तू बनवायला शिकवतात. पालघरचा एखादा तारपा बनवणारा तिथे महिनाभर बोलवावा. कोणता बांबू, किती वाळलेला, चीर कुठून द्यायची, हे त्याने मुलांना करून दाखवावं. आणि त्याच छपराखाली जिवतीकडच्या एखाद्या पेपरेवाल्या प्रधान आजोबांना त्यांच्या वाद्याची जीभ करायला बसवावं. दोघांनाही मास्तरांचा पगार द्यावा, नुसती शाल-श्रीफळ नको.