सांध्याच्या आतली पाचर

शिकवणीची फी पैशांत नव्हती. ‘घरातली एखादी मोडकी लाकडी वस्तू घेऊन या,’ एवढाच निरोप मिस्तरीबाबांनी पाठवला होता. आणि मी या शिकवणीवर लिहिणार आहे हे कळल्यावर त्यांनी एकच अट घातली, नाव छापायचं नाही. ती अट पाळून एरंडोलच्या त्या ओसरीवरचे हे किस्से सांगते आहे.

जळगावहून धुळ्याकडे जाणाऱ्या एसटीत बसलं, की पाळधी मागे पडतं आणि थोड्या वेळात एरंडोल येतं. अंजनी नदीकाठचं हे गाव. बाहेरच्या लोकांना ते पांडववाड्यामुळे आणि जवळच्या पद्मालयाच्या गणपतीमुळे ठाऊक असतं. भीमाने बकासुराला मारलं ती एकचक्रा नगरी हीच, अशी इथल्या लोकांची श्रद्धा. एके काळी इथल्या हातकागदाचंही नाव होतं. मी मात्र वर्षभर दर रविवारी तिथे गेले ती हातात वाकस धरलेल्या एका म्हाताऱ्या सुतारासाठी. तालुक्यात कुणाच्या जुन्या घराची तुळई बदलायची असो की देवळाचा दरवाजा, लोक आजही ‘आधी बाबांना दाखवा’ म्हणतात. अशा माणसाच्या समोर मांडी घालून बसायला मिळालं, हे मी माझं भाग्य समजते.

पहिला रविवार : उघडलेला पाळणा

दसरा होऊन आठवडा झाला होता. आम्ही पाच जण जमलो. निवृत्त गुरुजींनी डुगडुगणारी खुर्ची आणली होती, मेडिकल दुकानवाल्या काकांनी पायपट्टी निघालेला पाट. डिप्लोमाला असलेल्या मुलीनं आजीच्या फडताळाचं चिरलेलं दार आणलं होतं. शेती करणारा एक तरुण तिफणीचं तडकलेलं चाडं घेऊन आला होता. मी आणला होता माझ्या पणजीच्या वेळचा पाळणा. त्याची एक आडवी दांडी मोडली होती.

हत्यारं कोपऱ्यात मांडलेली होती. करवत, रंधा, पटाश्या, गुण्या, गिरमिट. आमच्या नजरा तिकडे वळल्या. बाबांनी मात्र पाळणा मधोमध ठेवायला सांगितला आणि म्हणाले, ‘‘आधी देख.’’ अर्धा तास आम्ही नुसते बघत होतो. लाकूड कुठे काळवंडलंय, कुठे हात लागून गुळगुळीत झालंय, कुठला कोपरा हलतोय. मी मध्येच हातोडीकडे हात नेला तर हसून म्हणाले, ‘‘घाई कसाले करस, माय?’’

मग त्यांनी पातेल्यात पाणी गरम केलं, फडकं बुडवून ते सांध्याभोवती गुंडाळलं. जुन्या कामात सरस असतो. गरम ओल लागली की तो सैल होतो, म्हणून जुनी वस्तू न मोडता उघडता येते. लाकडी खुंटी पलीकडून अलगद ठोकून काढली आणि दांडीचं कुसू, म्हणजे तासलेलं टोक, खांबाच्या सालेतून, म्हणजे खाचेतून, बाहेर आलं. शंभरेक वर्षं उजेड न बघितलेलं लाकूड. रंग मधासारखा.

कुसवावर पटाशीने मारलेल्या तीन बारीक खाचा होत्या. खांबाच्या अंगालाही तीन खाचा. बाबांनी दुसरा सांधा उघडला, तिथे दोन आणि दोन. कुठली दांडी कुठल्या खांबात बसायची, त्याची ही खूण. कागद नाही, पेन्सिल नाही. प्रत्येक कुसू आपापल्या सालेसाठीच तासलेलं असतं, अदलाबदल केली तर सगळंच डगमगेल.

तीन खाचांच्या सांध्यात आणखी एक गोष्ट होती. नखाएवढी, काळसर लाल रंगाची एक पाचर. बाकीच्या तीन सांध्यांत ती नव्हती. मी विचारलं, ‘‘ही इथेच का?’’

बाबांनी पाचर माझ्या तळहातावर ठेवली. ‘‘ते तू मला सांगशील,’’ म्हणाले, आणि पाटाकडे वळले. जाता जाता पाळण्याकडे बोट दाखवून एवढंच बोलले, ‘‘मी नही शिकाडस. तो शिकाडस.’’ तो म्हणजे पाळणा घडवणारा, नाव कुणालाच आठवत नाही असा सुतार.

रथ बघू नका, हात बघा

महिन्याभरात कार्तिकी एकादशी आली. ‘‘या रविवारी शिकवणी नाही, एकादशीला जळगावला रथ बघायला जा,’’ असा निरोप. जळगावच्या श्रीराम रथोत्सवाला आप्पा महाराजांनी १८७२ साली सुरुवात केली. मी जळगावचीच, लहानपणापासून रथ बघत आलेली. पण बाबांनी बजावलं होतं, ‘‘रथाकडे बघू नका. मोगरीवाल्यांचे हात बघा.’’

एवढा मोठा लाकडी रथ माणसं दोर धरून ओढतात. त्याला वळवायला सुकाणू नाही, थांबवायला ब्रेक नाही. चाकाखाली लाकडाची मोगरी सरकवायची, तीही नेमक्या क्षणी आणि नेमक्या कोनात, म्हणजे रथ वळतो किंवा थांबतो. गर्दी वर मूर्तीकडे बघत हात जोडत असते. मोगरीवाल्याची नजर चाक आणि जमीन यांच्यामधल्या वीतभर जागेवर खिळलेली असते. त्या दिवशी मी पहिल्यांदा त्या वीतभर जागेकडे बघितलं. लहानसा लाकडाचा तुकडा कुठे घालायचा हे कळणं, यातच मोठी विद्या आहे हे तिथे समजलं. पाचरीचं उत्तर मात्र अजून सापडलेलं नव्हतं.

बादलीतला अंजन

थंडीतल्या एका रविवारी बाबांनी पाण्याची बादली आणि सारख्या मापाचे तीन तुकडे पुढे ठेवले. निंब टाकला, तरंगला. साग टाकला, तरंगला. तिसरा तुकडा सरळ तळाला गेला. तो अंजनाचा होता.

अंजन हे आपल्या खानदेशाच्या कोरड्या डोंगररानातलं झाड. त्याचं लाकूड देशातल्या सगळ्यांत जड आणि कठीण लाकडांत मोजतात. त्याची दाटी पाण्याहून जास्त, म्हणून ते बुडतं. पटाशीची धार त्यावर दोन घावांत बसते, खिळा वाकतो. त्या दिवशी तीन तास खपून मी अंजनाची एक पाचर केली. करवतीने काप, पटाशीने तास, कुरुंदाच्या दगडावर धार लाव, पुन्हा तास. बाबा मांडी घालून, पायाच्या अंगठ्याने लाकूड दाबून धरून तेच काम शेजारी करत होते. त्यांचे दोन्ही पाय म्हणजे त्यांचा शिकंजा.

माझी पाचर पाळण्यातल्या पाचरीशेजारी ठेवली. तोच काळसर लाल रंग, तोच जडपणा. म्हणजे सागाच्या पाळण्यात त्या सुताराने मुद्दाम अंजन घातला होता. दाबली गेली तरी चेपू नये म्हणून.

दार श्वास घेतं

मे महिन्यात खानदेशात पारा ४५ अंशांच्या वर जातो. अशाच एका सकाळी फडताळाच्या दाराची पाळी आली. दाराच्या चौकटीतली मधली फळी उभी चिरली होती. कुणीतरी आधी दुरुस्ती करताना फळीच्या चारी कडा फेव्हिकॉलने चिकटवल्या होत्या, वरून चुका मारल्या होत्या. ‘एवढं पक्कं केलेलं असून चिरलं कसं?’ हा त्या मुलीचा प्रश्न.

बाबांनी फळीची रुंदी दोऱ्याने मोजून दोऱ्याला गाठ मारली आणि दोरा खिळ्याला अडकवून ठेवला. ‘‘पावसाळ्यात पुन्हा मोजू.’’ ऑगस्टमध्ये फळी गाठीच्या पुढे गेलेली होती. लाकूड लांबीत जवळजवळ हलत नाही. रुंदीत मात्र ते ओल धरून फुगतं आणि उन्हाने आकसतं. म्हणून जुने सुतार मधली फळी चौकटीच्या खाचेत मोकळी बसवत, तिला सरस लावत नसत. चिकटवलेली फळी उन्हाळ्यात आकसायला गेली, कडांनी तिला सोडलं नाही, ती मध्ये फाटली. ‘‘दारले श्वास लेऊ दे,’’ बाबा म्हणाले. त्या मुलीने पुढचे तीन रविवार खाच साफ करण्यात घालवले. नवी फळी बसवली तेव्हा ती हाताने किंचित सरकत होती. बाबांनी ती सरकवून बघितली आणि मान डोलावली. त्यांच्या मान डोलावण्यासाठी आम्ही सगळेच वाट बघत असायचो.

धाव चढवताना

मधल्या चहाला बाबा जुन्या गोष्टी सांगत. सगळ्यांत जास्त वेळा बैलगाडीच्या चाकाची. लोखंडी धाव चाकाच्या घेरापेक्षा किंचित लहान ठेवायची. गोवऱ्यांचं कडं पेटवून त्यात ती लाल करायची, म्हणजे ती वाढते. मग लोहार आणि सुतार मिळून सांडशीने उचलून ती चाकावर बसवायची आणि लगेच पाणी ओतायचं. धाव आवळते, वाफेचा लोट उठतो आणि आतले सगळे आरे एकदम कुरकुरतात. ‘‘ती कुरकुर सगळ्या बाजूंनी सारखी आली, तर चाक पास,’’ बाबा सांगायचे. चाकाची परीक्षा कानाने!

टायरच्या गाड्या आल्या, मग ट्रॅक्टर आले, ती कुरकुर थांबली. त्र्यंबक नारायण आत्रे यांनी १९१५ साली ‘गावगाडा’ लिहिला तेव्हा सुतार हा गावच्या शेतीचा आधार होता. नांगर, वखर, तिफण त्याच्या हातची, आणि त्याचं बलुतं धान्यात. ती व्यवस्था जातीला बांधलेली होती. विद्या बापाकडून मुलाला, घराबाहेर नाही. आज केंद्राच्या पीएम विश्वकर्मा योजनेत सुतारकाम अठरा व्यवसायांत आहे. १७ सप्टेंबर २०२३ रोजी ती सुरू झाली. प्रशिक्षणाच्या काळात रोज ५०० रुपये आणि हत्यारांसाठी १५ हजारांपर्यंत मदत मिळते. ही मदत गरजेचीच आहे. पण हत्यार हातात आल्यावर ते कसं चालवायचं, हे शेजारी बसून दाखवणारे बाबांसारखे हात कमी होत चालले आहेत. त्याची मला मनापासून काळजी वाटते.

असे हात वेळीच ओळखले, तर विद्या वाचते. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला सावंतवाडीच्या शिवरामराजे आणि सत्त्वशीलादेवी भोसले यांनी वयोवृद्ध पुंडलिक चितारी यांच्याकडून गंजिफाचे पत्ते रंगवण्याची कला शिकून घेतली. राजघराण्यातली माणसं कारागिराची शिष्य झाली, म्हणून ती कला आज जिवंत आहे. दुसरं उदाहरण जॉर्ज नाकाशिमा या जपानी वंशाच्या अमेरिकन वास्तुकाराचं. पाँडिचेरीच्या गोलकोंडा इमारतीवर त्यांनी काम केलं होतं. दुसऱ्या महायुद्धात, १९४२ साली, त्यांना आयडाहोतल्या मिनिडोका छावणीत डांबलं गेलं. तिथे गेंटारो हिकोगावा नावाचा जपानी परंपरेत तयार झालेला सुतार त्यांना भेटला. छावणीतल्या भंगार लाकडावर तो शिकवत गेला आणि शिकलेला वास्तुकार त्याच्या हाताखाली पुन्हा विद्यार्थी झाला. पुढे नाकाशिमा विसाव्या शतकातले थोर फर्निचर-कारागीर ठरले. मोडक्या वस्तूंवर भरणारी आमची शिकवणी आठवली, की मला ती छावणी आठवते.

माझी चूक

श्रावणात माझ्या पाळण्याची नवी दांडी कापायची वेळ आली. सागाचा तुकडा बाबांनीच निवडला होता. सरावाच्या लाकडावर कुसू तीन वेळा बरोबर जमलं होतं. खऱ्या दांडीवर रेघ मारली, करवत रेघेच्या बाहेरून चालवायची होती, ती रेघेच्या आतून गेली. कुसू सालेत घातलं तर खडखडलं. दोरभर फट.

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. सागाचा तो तुकडा वाया गेला, असंच मला वाटलं. बाबा काही बोलले नाहीत. उठून आत गेले आणि एक जुनी काड्यापेटी घेऊन आले. तिच्यात पहिल्या रविवारची ती नखाएवढी पाचर होती, त्यांनी जपून ठेवलेली. ती त्यांनी पुन्हा माझ्या तळहातावर ठेवली.

तेव्हा उत्तर सापडलं. त्या सुताराचीही करवत रेघेच्या आतून गेली होती. तिसऱ्या सांध्यात त्याच्याकडूनही दोरभर फट राहिली होती. त्याने ती भुसा-सरस भरून लपवली नाही. जंगलातलं सगळ्यांत कठीण लाकूड शोधलं, नखाएवढी पाचर तासली आणि कुणीही कधी बघणार नाही अशा जागी ती नीट बसवली. त्यावर चार पिढ्यांची बाळं झोपली.

‘‘चूक सगळ्यासनी व्हस,’’ बाबा म्हणाले. ‘‘तीवर किती येळ देस, तेच काम.’’

खंडेनवमी

नवरात्र आलं. खंडेनवमीला ओसरी सारवलेली होती, पाटावर हत्यारं मांडून हळद-कुंकू आणि झेंडूची फुलं वाहिलेली. त्या दिवशी हत्याराला काम देत नाहीत, म्हणून पाळण्याचं शेवटचं काम आदल्या रविवारीच उरकलं होतं. तो रविवार मी विसरणार नाही.

नव्या कुसवावर मी पटाशीने तीन खाचा मारल्या, जुन्या खांबावरच्या तीन खाचांना जुळणाऱ्या. फटीच्या मापाची पाचर तासली, थंडीत केलेल्या त्याच अंजनाच्या तुकड्यातून. फेव्हिकॉलची बाटली शेजारी होती, पण सांध्याला सरसच लावला. पुढे कधी कुणाला तो उघडावा लागला, तर गरम पाण्याने उघडता यावा.

बाबांनी कुसू हातात घेतलं. अंगठा तीन खाचांवरून फिरवला, मग पाचरीच्या कडेवरून. डोळे मिटलेले होते. मग दांडी माझ्याकडे परत दिली.

‘‘आते ठोक.’’

पहिला ठोका पोकळ वाजला. दुसरा थोडा खाली गेला. तिसऱ्या ठोक्याला आवाज भरीव आला, आणि ओसरीवरचे सगळे जण एकदम बाबांच्या मानेकडे बघू लागले.

मान डोलली.