रूम बघताना वारा आणि पाणी

रिझल्ट लागला, ॲडमिशन झाली की पुढचा पेपर असतो रूम शोधण्याचा. पुण्यात सदाशिव पेठ ते कर्वेनगर पायपीट करायची, कॉट बेसिसचे दर ऐकायचे, ब्रोकरशी घासाघीस करायची. अशात कुणीतरी सांगतंच, 'दार दक्षिणेला आहे, नको घेऊस.' दुसरा म्हणतो, 'आरसा कॉटसमोर आलाय, झोप लागणार नाही.' तिसरी रूम फायनल व्हायच्या आतच लाफिंग बुद्धा घेऊन येते! यातलं थोडं वास्तुशास्त्र असतं, थोडं फेंगशुई आणि बरंचसं ऐकीव. डिपॉझिटचे पैसे आईबाबांचे असतात आणि पुढचं अख्खं वर्ष त्याच चार भिंतींत काढायचं असतं. त्यामुळे यातलं काय घ्यायचं आणि काय सोडायचं, ते आधीच पाहून ठेवलेलं बरं.

शब्दातच आहे सगळं

'फेंग' म्हणजे वारा आणि 'शुई' म्हणजे पाणी. गंमत म्हणजे या शास्त्राचा सगळ्यात जुन्या ग्रंथांपैकी एक घराबद्दल नाही, तर थडग्याबद्दल आहे! चौथ्या शतकात वारलेल्या ग्वो पू या चिनी विद्वानाच्या नावावर तो सांगितला जातो. पूर्वजांना कुठे पुरलं म्हणजे वंशजांचं भलं होईल, हा त्याचा विषय. 'ची' नावाची प्राणशक्ती वाऱ्याने विखुरते आणि पाण्यापाशी थांबते, ही त्यामागची कल्पना. म्हणून वाऱ्यापासून आडोसा आणि जवळ पाणी असलेली जागा चांगली. जागा पाहण्यासाठी हे जाणकार 'लुओपान' नावाचं होकायंत्र वापरतात.

घरासाठी आदर्श जागा कोणती? पाठीशी डोंगर, समोर मोकळी जागा आणि पाणी, तोंड दक्षिणेकडे. हो, दक्षिणेकडेच! बीजिंगचा प्रसिद्ध राजवाडा, 'फॉरबिडन सिटी', १४२० मध्ये पूर्ण झाला. तो दक्षिणाभिमुख आहे. पाठीशी डोंगर नव्हता, तर खंदक खणताना निघालेली माती टाकून उत्तरेला टेकडी उभारली.

आता आपल्याकडे बघा. दक्षिणेचं दार म्हटलं की कित्येक घरांत कपाळाला आठ्या पडतात. एक शास्त्र दक्षिणेला डोक्यावर घेतं, दुसरं तिला टाळतं. मग दोन्ही एकाच वेळी 'वैज्ञानिक' कशी असतील?

दिशेमागचं हवामान

उत्तर चीनमध्ये हिवाळ्यात सैबेरियाकडून बोचरा, कोरडा वारा येतो. त्याला पाठ दाखवायची, म्हणजे उत्तरेला भिंत किंवा डोंगर हवा. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेला खाली असतो, त्यामुळे दक्षिणेच्या दारा-खिडकीतून ऊन आत येतं आणि घर उबदार राहतं. तिथे हा नियम शहाणपणाचा होता. तो जसाच्या तसा उचलून नाशिकच्या किंवा कोल्हापूरच्या फ्लॅटला लावला, तर त्यामागचं कारण तिथेच बीजिंगला राहून जातं.

आपला त्रास वेगळा. पावसाळी वारा येतो नैर्ऋत्येकडून आणि पश्चिमेकडून. म्हणून त्या बाजूच्या भिंतीला ओल आहे का, ते हात लावून बघा. नवा रंग फक्त एकाच भिंतीला दिलाय? मग विचारायचंच. पश्चिमेची मोठी खिडकी एप्रिल-मेमध्ये दुपारनंतर रूमची भट्टी करते आणि नेमक्या तेव्हाच परीक्षा असतात. समोरासमोर दोन खिडक्या, किंवा खिडकीसमोर दार असेल तर हवा खेळती राहते.

हा झाला 'फेंग'. 'शुई'सुद्धा तपासा. नळ सोडून बघा. पाणी किती वाजता येतं, उन्हाळ्यात टँकर लागतो का आणि त्याचे पैसे कोण देतं, हे मालकाला विचारण्याआधी तिथे राहणाऱ्या मुलांना विचारा. खरं उत्तर तिथे मिळतं.

आणि रूम सगळ्या बाजूंनी चांगली असून केवळ दक्षिणेच्या दारामुळे रिकामी पडली असेल, तर बिनधास्त भाडं कमी करून मागा.

आत काय कुठे?

सामान लावण्याचे फेंगशुईचे काही नियम मात्र आपल्या उपयोगाचे आहेत, 'ची' मानली नाही तरी.

टेबल असं ठेवा की दार दिसेल, पण तुम्ही दाराच्या अगदी रेषेत नसाल. पाठीमागून कोण आलं, हे पुनःपुन्हा वळून बघावं लागलं तर अभ्यासात लक्ष कसं लागणार? उजव्या हाताने लिहीत असाल तर खिडकी डावीकडे ठेवा, म्हणजे हाताची सावली वहीवर पडत नाही. डावखुऱ्यांनी उलट करायचं.

कॉट दारासमोर नको, असं फेंगशुई सांगतं. तीन जणांच्या रूममध्ये हे आपसूक पटतं. रात्री दीडला आलेल्या रूममेटने दार उघडलं की पॅसेजचा उजेड थेट डोळ्यांवर! आरशाचंही तसंच. त्यात रस्त्यावरच्या गाड्यांचा उजेड चमकत असेल तर तो हलवा, नसेल तर राहू द्या.

पसारा आवरा, हा तर आजीचाही नियम. दारामागे बॅगा आणि चपलांचा ढीग असेल तर दार पूर्ण उघडत नाही. आग लागली, शॉर्टसर्किट झालं, तर वाट तीच असते.

दुकानातलं नशीब

आता लाफिंग बुद्धा. तो गौतम बुद्ध नव्हे. तो 'बुदाई', दहाव्या शतकातला मानला जाणारा, खांद्यावर झोळी घेऊन फिरणारा चिनी भिक्षू. 'तो विकत घ्यायचा नाही, कुणीतरी भेट द्यायला हवा' असं आपल्याकडे सांगतात. 'लकी बांबू' तर बांबूच नाही. ती मूळची आफ्रिकेतली ड्रॅसिनाची जात आहे. टेबलावर छान दिसते, जरूर ठेवा. फक्त भांड्यातलं पाणी दर आठवड्याला बदला. साठलेल्या स्वच्छ पाण्यात डेंग्यूचे डास अंडी घालतात.

हाँगकाँगमधल्या बऱ्याच इमारतींत चौथा, चौदावा मजलाच नसतो. 'चार' आणि 'मृत्यू' हे चिनी शब्द कानाला जवळजवळ सारखेच लागतात म्हणून. मराठीत 'चार'मुळे कुणी दचकत नाही. उलट, 'चार पैसे गाठीला' बरेच वाटतात. भीती अशी भाषेतून येते, भिंतीतून नाही.

मूर्ती आवडली म्हणून घेतली, रूममेटच्या आईच्या समाधानासाठी कॉट फिरवली, तर काही बिघडत नाही. पण 'तुझी केटी लागली ती या रूममुळे' असं सांगून कुणी क्रिस्टल, पिरॅमिड किंवा हजारो रुपयांचा 'उपाय' गळ्यात मारू लागलं, तर तिथेच थांबा. फेंगशुईने परीक्षेचे मार्क वाढतात किंवा पैसा येतो, असा विश्वासार्ह पुरावा नाही. शिवाय दोष रूमवर गेला की बुडवलेली लेक्चर्स आणि न सोडवलेले जुने पेपर नामानिराळे राहतात!

तेव्हा कुणी नियम सांगितला की एकच विचारा, 'का?' उत्तरात ऊन, वारा, ओल, आवाज किंवा झोप आली तर ऐका. 'असतं तसं' एवढंच आलं तर हसून सोडून द्या.

आणि पसंत पडलेली रूम दोनदा बघा. एकदा भर दुपारी, एकदा रात्री नऊनंतर. दिवे बंद करून, दार लावून पाच मिनिटं नुसतं बसा. उकाडा, कुबट वास, खालच्या मजल्यावरचा डीजे, सगळं कळेल. टोकन त्यानंतर द्या.