बसून चालवायच्या मोअरचा लहान टायर आणि तो बदलण्याची रीत

अमेरिकेतील उपनगरांमध्ये घरापुढची आणि घरामागची हिरवळ राखणे ही घरमालकाची जबाबदारी मानली जाते, आणि अनेक नगरपालिकांनी गवताच्या उंचीवर मर्यादा घातलेली असल्यामुळे वसंत ऋतूपासून थंडी पडेपर्यंत गवत नियमाने कापावे लागते. अंगण मोठे असले की हाताने ढकलायचे यंत्र पुरेनासे होते आणि बसून चालवायचे यंत्र, म्हणजे रायडिंग मोअर, घरात येते. १८३० साली एडविन बडिंग यांनी इंग्लंडमध्ये गवत कापण्याच्या पहिल्या यंत्राचे पेटंट घेतले, ते कापडावरचे तंतू छाटणाऱ्या गिरणीतील यंत्रावरून सुचलेले होते. १९६३ साली जॉन डिअर कंपनीने ‘११०’ हा आपला पहिला लॉन ट्रॅक्टर, म्हणजे बसून चालवायचा मोअर, बाजारात आणला. अमेरिकेत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांच्या गॅरेजमध्येही अशी यंत्रे दिसतात, आणि भारतात कोपऱ्याकोपऱ्यावर सापडणारा पंक्चरवाला तेथे नसल्यामुळे पुढचा लहान टायर निकामी झाला की तो बदलण्याचे काम पुष्कळदा घरच्या माणसालाच करावे लागते.

हा टायर आकाराने लहान असला, तरी यंत्राच्या कामावर त्याचा प्रभाव मोठा असतो. गवत कापणारी पाती ज्या पोलादी आच्छादनाखाली आडवी फिरतात त्याला डेक म्हणतात, आणि लॉन ट्रॅक्टरमध्ये हा डेक यंत्राच्या सांगाड्याला टांगलेला असतो. एका बाजूच्या टायरमधील हवा कमी झाली की सांगाडा त्या बाजूला कलतो, त्याबरोबर डेकही कलतो, आणि हिरवळीवर एका कडेला गवत खोलवर छाटले जाऊन दुसऱ्या कडेला उंच राहते. पाती बोथट झाली असावीत या समजुतीने ती पुनःपुन्हा घासली जातात, पण खरे कारण टायरमध्ये असते. म्हणूनच डेक समपातळीत आणण्यापूर्वी टायरची हवा तपासावी, अशी सूचना यंत्रांच्या माहितीपुस्तिकांत आढळते.

नवा टायर घेताना जुन्या टायरच्या बाजूवर छापलेले आकडे पाहणे आवश्यक असते. पुढच्या चाकांसाठी सर्रास वापरल्या जाणाऱ्या ‘१५×६.००–६’ या मापात १५ हा हवा भरलेल्या टायरचा बाहेरचा व्यास, ६.०० ही त्याची रुंदी आणि शेवटचा ६ हा तो ज्या रिमवर बसतो त्या रिमचा व्यास असतो, आणि ही तिन्ही मापे इंचांत असतात. टायरच्या भिंतीच्या मजबुतीचे मान ‘प्लाय’ या शब्दाने सांगितले जाते. सपाट हिरवळीसाठी दोन प्लायचा टायर पुरतो, तर काटेरी झुडपे व दगड असलेल्या जागी चार प्लायचा अधिक टिकतो. साधे काट्याचे पंक्चर दुरुस्त करता येते, पण ऊन आणि हवेतील ओझोन यांमुळे रबर कडक होऊन टायरच्या बाजूंवर खोल चिरा पडल्या असतील, तर दुरुस्तीवरचा खर्च वाया जातो.

काम सपाट, टणक जागेवर करावे. किल्ली काढून घ्यावी, स्पार्क प्लगची वायर सोडवावी, ब्रेक लावून मागच्या चाकांना अटकण द्यावी, पुढच्या आसाखाली जॅक लावून यंत्र उचलावे आणि उचललेल्या सांगाड्याखाली भक्कम आधार ठेवावा, कारण केवळ जॅकच्या भरवशावर यंत्राखाली हात घालणे धोक्याचे असते. मोटारीच्या चाकाला असतात तसे नट या लहान चाकाला बहुधा नसतात. आसाच्या टोकावरची धुळीची टोपी काढली की आत वायसर आणि आसाच्या खाचेत बसलेली लहान पोलादी क्लिप दिसते. स्क्रू ड्रायव्हरने रेटल्यावर ती एकाएकी निसटून उडते, म्हणून डोळ्यांवर चष्मा असावा. वायसर कोणत्या क्रमाने निघाले ते लक्षात ठेवून चाक बाहेर ओढावे आणि त्यातील बुश झिजले आहेत का, तेही याच वेळी पाहावे.

खरी अडचण पुढे येते, आणि तिचे कारण टायरच्या रचनेत आहे. टायरच्या आतल्या काठाला बीड म्हणतात आणि त्यात पोलादी तारांचे कडे असते, जे ताणले जात नाही. हे कडे रिमच्या उभ्या कडेच्या आत बसते, म्हणजे टायर काढताना लहान व्यासाचे न ताणले जाणारे कडे मोठ्या व्यासाच्या कडेवरून बाहेर न्यायचे असते. केवळ जोर लावून हे होत नाही. त्यासाठी रिमच्या मध्यभागी मुद्दाम ठेवलेल्या खोलगट भागाचा उपयोग करावा लागतो. कड्याची एक बाजू त्या खोलगट भागात दाबून धरली की समोरच्या बाजूला सैलपणा मिळतो आणि तेथून काठ कडेवरून बाहेर घेता येतो. मोटारीच्या चाकाच्या मानाने या रिमचा व्यास निम्म्याहूनही कमी असतो, पण रिमच्या कडेची उंची त्या प्रमाणात कमी झालेली नसते. शिवाय टायरची भिंत आखूड आणि ताठ असते, म्हणून सैलपणा थोडाच मिळतो आणि चाक जितके लहान तितके काम अवघड होते.

यासाठी प्रथम व्हॉल्व्हच्या आतील बारीक सुई, म्हणजे व्हॉल्व्ह कोअर, काढून सगळी हवा सोडावी. नंतर वर्कशॉपमधील व्हाइसमध्ये किंवा सी-क्लॅम्पमध्ये टायरची बाजू दाबून, चाक थोडे थोडे फिरवत, रिमला चिकटलेला बीड दोन्ही बाजूंनी सुटा करावा. काठावर साबणाचे पाणी सढळपणे लावावे. खनिज तेल किंवा ग्रीस मात्र लावू नये, कारण त्याने रबर खराब होते. दोन टायर लिव्हर जवळजवळ लावून एका वेळी थोडासाच काठ बाहेर घ्यावा आणि समोरची बाजू खोलगट भागातच आहे ना, हे प्रत्येक वेळी पाहावे. टायर निघाल्यावर रिमचा गंज तारेच्या ब्रशने घासावा, व्हॉल्व्ह जुना असेल तर बदलावा आणि नक्षीला दिशा दाखवणारा बाण असल्यास तो पाहून नवा टायर त्याच रीतीने चढवावा.

टायर ट्यूबलेस असेल, तर चढवल्यानंतरही त्याचे दोन्ही काठ रिमपासून दूर राहतात आणि भरलेली हवा लगेच निसटते. अशा वेळी टायरच्या घेराभोवती घट्ट आवळता येणारा पट्टा बांधावा. घेर आवळला की बाजू बाहेर फुगतात, काठ रिमला टेकतात आणि कॉम्प्रेसरची हवा आत टिकू लागते. काठ टेकताच पट्टा सैल करावा. काही जण पेट घेणारा फवारा टायरमध्ये मारून ठिणगीने काठ बसवतात. त्यात स्फोट होऊन गंभीर इजा होऊ शकते, म्हणून ही युक्ती कोणीही करू नये. १५ इंची टायरच्या एका बाजूचे क्षेत्रफळ सुमारे १४८ चौरस इंच भरते आणि चौरस इंचाला १४ पौंड एवढ्या साध्या दाबालाही त्यावर नऊशे किलोंहून अधिक रेटा पडतो. तेव्हा काठ बसत नाही म्हणून टायरवर छापलेल्या मर्यादेपलीकडे हवा भरत जाणे किती घातक आहे, हे ध्यानात येईल. काठ बसतच नसेल किंवा रिम गंजून खडबडीत झाली असेल, तर त्याच मापाची ट्यूब घालणे हा सरळ आणि सुरक्षित उपाय आहे.

चाक परत बसवण्यापूर्वी आस पुसून त्यावर ग्रीस लावावे, वायसर मूळ क्रमाने घालावेत आणि क्लिप खाचेत पूर्ण बसली आहे याची खात्री करावी. बऱ्याच यंत्रांत पुढच्या टायरला १४ आणि मागच्याला १० पौंडांच्या आसपास हवा सांगितलेली असते, पण आपल्या यंत्राच्या पुस्तिकेतील आकडाच प्रमाण मानावा, आणि मोटारीच्या सवयीने ३० पौंडांपर्यंत हवा भरू नये. ज्यांच्याजवळ कॉम्प्रेसर वा लिव्हर नाहीत त्यांनी फक्त सुटे केलेले चाक टायरच्या दुकानात न्यावे, म्हणजे अवघे यंत्र हलवण्याचा खर्च वाचतो. गवत कापायला बसण्यापूर्वी चारही टायरची हवा गेजने मोजण्याची सवय प्रत्येक यंत्रमालकाने लावून घ्यावी, कारण टायर सहसा काट्याने जितके निकामी होतात त्याहून अधिक दुर्लक्षाने होतात.