रिसेप्शन विरुद्ध हाऊसकीपिंग : पर्यटन व्यवसायातली घरातली भांडणं आणि मनुष्यबळ विभाग

मे महिन्यातला शनिवार. महाबळेश्वरला वेण्णा तलावाजवळ गाड्यांची रांग लागलेली, आणि हॉटेलच्या काउंटरपुढे पुण्या-मुंबईची कुटुंबं बॅगा घेऊन ताटकळत उभी. आदल्या पाहुण्यांनी अकराला खोल्या सोडल्या, नव्यांना एकची वेळ दिलेली. पण काउंटरवरच्या मुलाने फोनवर "साहेब, साडेअकराला देतो की रूम" असं कबूल करून ठेवलंय. खोल्या आवरणाऱ्यांना हे कुणी सांगितलेलंच नाही.

शिराळ्याकडचा माझा एक विद्यार्थी गेल्या उन्हाळ्यात अशाच एका हॉटेलात हाऊसकीपिंगला लागला होता. तिसऱ्या आठवड्यात घरी परत. वडील म्हणाले, "पोरगं कुठं टिकतच नाही बघा सर." पोराचं म्हणणं वेगळं होतं. "सर, गिऱ्हाइकाचा त्रास नाय, आपल्याच माणसांचा त्रास." खोली उशिरा मिळाली म्हणून पाहुण्याने तक्रार केली आणि अर्ध्या दिवसाचा पगार कापला गेला तो याचा. कबूल करणारा वेगळाच होता.

सातारा-सांगलीची कितीतरी मुलं दरवर्षी सीझनला महाबळेश्वर-पाचगणीत कामाला जातात. म्हणून हा विषय शिक्षकांनी आणि पालकांनीही समजून घ्यायला हवा.

हॉटेलात प्रत्येक विभागाला शाबासकी वेगवेगळ्या गोष्टीसाठी मिळते. विक्री विभागाने जास्त बुकिंग आणलं की तो हुशार. स्टोअरने खर्च वाचवला की तो हुशार. हाऊसकीपिंगची खोली स्वच्छ हवी, आणि त्याला वेळ लागतो. पाहुणा मात्र एकच असतो आणि तो सगळ्यांच्या हातातून जातो. म्हणजे भांडण बऱ्याचदा स्वभावातून येत नाही, कामाच्या मांडणीतून येतं. नेमकं हेच मालक विसरतात आणि "जरा जुळवून घ्या" असं सांगून मोकळे होतात.

याचं एक जुनं उदाहरण मी वर्गात नेहमी सांगतो. १९४० च्या दशकात विल्यम फूट व्हाइट या समाजशास्त्रज्ञाने शिकागोतल्या उपाहारगृहांचा अभ्यास केला. वाढणाऱ्या मुली आत येऊन ऑर्डर ओरडून सांगायच्या. आचाऱ्यांना आपण वरचे वाटायचं. खालच्या पगाराच्या मुलीने हुकूम सोडावा हे त्यांना खपायचं नाही. मग ते मुद्दाम वेळ लावायचे. जिथे ऑर्डर चिठ्ठीवर लिहून सळईला खोचायची पद्धत होती, तिथे ही कुरबुर कमी दिसली. माणसं तशीच होती, पण हुकूम आता कागद देत होता! आपल्याकडच्या हॉटेलातली 'केओटी' म्हणजे हीच चिठ्ठी.

मनुष्यबळ विभागाने, ज्याला सगळे एचआर म्हणतात, अशाच जागा शोधायच्या असतात. शिराळ्याच्या पोराच्या बाबतीत काय करता आलं असतं? 'खोली तयार' हा शब्द फक्त हाऊसकीपिंगच्या सुपरवायझरने उच्चारायचा, आणि तो उच्चारल्याशिवाय काउंटरने वेळ कबूल करायची नाही. सकाळी दहा मिनिटं सगळ्या विभागांच्या प्रमुखांनी उभ्याउभ्या भेटायचं : आज किती जाणार, किती येणार, कुणासोबत म्हातारी माणसं आहेत. आणि तक्रार आली तर पगार कापण्याआधी 'वेळ कुणी कबूल केली होती' हे विचारायचं.

दुसरा उपाय मला जास्त आवडतो. कामावर घेताना काउंटरच्या मुलाला दोन दिवस चादरी बदलायला लावायच्या आणि हाऊसकीपिंगच्या मुलाला दोन दिवस काउंटरमागे उभं करायचं. सीझनच्या घाईत हे जमणार नाही, खरं आहे. पण महाबळेश्वरच्या धो धो पावसात गर्दी ओसरते, तेव्हा कायम नोकरांना नुसतं बसवून ठेवण्यापेक्षा हे बरं. टिपचं वाटपही याच वेळी ठरवून लिहून ठेवावं. टिप फक्त वाढप्याच्या खिशात गेली तर भांडी घासणारा मनातून उठतोच.

कासला प्रश्न जरा वेगळा आहे. २०१२ मध्ये जागतिक वारसा यादीत आलेल्या या पठारावर फुलांच्या दिवसांत वन विभाग आणि आसपासच्या गावांची समिती मिळून काम बघतात. तिथे हॉटेलासारखा एकच मालक नाही. पण तिकीट, पार्किंग आणि फुलं राखणारे वेगवेगळे असले की कुणाचा शब्द शेवटचा, हे तिथेही आधी ठरावं लागतं.

सांगलीकडच्या घरगुती कृषी पर्यटनात कुठला आलाय एचआर? तिथे मालकीणबाईच सगळं बघतात. शेत दाखवणाऱ्याने पाहुण्यांना तासभर उशिरा आणलं की चुलीवरच्या भाकऱ्या गार होतात आणि वाद सुरू. उपाय तोच, निघण्याआधी एक फोन.

पालकांना एक गोष्ट माहीत असावी. वीस किंवा त्याहून जास्त कामगार असलेल्या आस्थापनेत तक्रार निवारण समिती असावी, असं कायदा सांगतो, आणि तिच्यात मालक व कामगारांचे प्रतिनिधी समसमान असतात. नोकरी सोडण्याआधी मुलाने तिची चौकशी करावी.

तो पोरगा यंदा पुन्हा पाचगणीला निघालाय. वडिलांनी नको म्हटलं होतं. मुलाखतीला काय विचारू, असं त्यानं मला विचारलं. मी म्हटलं, पगाराचं विचार, राहण्या-जेवणाचं विचार, आणि मग विचार, "इथे खोली तयार आहे असं कोण सांगतं?"